‘काहीही कर’ हे उत्तर नव्हे!

संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. मुलांचं दूध झालेलं असतं, चहाच्या कपबशा मोरीत पडलेल्या असतात आणि आपण ओट्यापाशी उभ्या राहून फ्रिजमधल्या अर्ध्या कोबीकडे आणि टोपलीतल्या चार बटाट्यांकडे पाहत असतो. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून आपण विचारतो, “अहो, रात्री काय करू?” आणि तिकडून उत्तर येतं, “काहीही कर!”

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही हेच उत्तर येतं ना?

ऐकायला किती गोड वाटतं! ना हट्ट, ना फर्माईश. शेजारणीला सांगावं तर ती म्हणेल, “नशीबवान आहेस बाई, आमच्याकडे तर रोज वेगळं लागतं.” पण ‘काहीही’ नावाची भाजी मंडईत मिळत नाही. ‘काहीही कर’ म्हणणाऱ्याने ठरवण्याचं काम अलगद आपल्या अंगावर टाकलेलं असतं, आणि ताटात कोबी दिसल्यावर “परवाच तर झाला होता ना?” असं म्हणण्याचा हक्क मात्र स्वत:कडे राखून ठेवलेला असतो.

स्वयंपाक म्हणजे चिरणं, फोडणी घालणं, पोळ्या लाटणं, असं आपण धरून चालतो. पण त्याच्या आधी ‘काय करायचं’ हे ठरवावं लागतं, आणि ते काम कुणाला दिसतच नाही. उद्या उसळ हवी तर मटकी काल भिजायला हवी होती. इडली हवी तर डाळ-तांदूळ आज दुपारीच भिजायला हवेत. घरात खोबरं आहे का, दही किती आंबट झालंय, धाकट्याच्या डब्यात दोन दिवस बटाटाच गेलाय का, हा सगळा हिशेब आपल्या डोक्यात अखंड चालू असतो.

आपल्याकडे पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघालं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांमुळे कितीतरी नवख्या सुनांना धीर आला. आता तर मोबाइलवर बोट लावलं की हव्या त्या पदार्थाची कृती समोर हजर. पण हे सगळे सांगतात ते ‘कसं करायचं’. आज आमच्या घरात ‘काय करायचं’ हे कोणतं पुस्तक सांगणार? ते घरातल्यांनीच ठरवायला हवं. आणि घरातल्यांनी म्हणजे एकट्या तिनेच नव्हे!

हे शहाणपण मला सुरुवातीपासून होतं असं मात्र समजू नका. ते मला एका भांडणातून आलं.

भरिताचा रविवार

आमच्याकडे दोघांनाही स्वयंपाकाची आवड आहे. माझं माहेर अलिबागकडचं. ओलं खोबरं, आमसूल आणि वाल यांच्यावर मी वाढले. यांचं घर जळगावकडचं. तिकडे शेंगदाणे, काळा मसाला, लसूण आणि वर लालभडक तेलाचा तवंग. संसार नाशिकला, म्हणजे दोन्ही घरांपासून दूर. हे रविवारी हौसेने स्वयंपाकघरात शिरतात. शेवभाजी करतात, पातोडीची आमटी करतात, आणि थंडीत भरीत तर हमखास.

हे भरीत आपल्या नेहमीच्या जांभळ्या वांग्याचं नव्हे. त्याला खानदेशातली मोठी, हिरवट पांढरी वांगी लागतात. या ‘जळगाव भरीत वांग्या’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिकडे ती शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. आमच्याकडे गॅसवर भाजतात आणि पातेल्यात घोटतात, एवढाच फरक. तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, भरपूर लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. खरं सांगते, चव अशी की बोटं चाटावीत.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत असाच भरिताचा बेत झाला. यांच्या कचेरीतली चार माणसं जेवायला होती. भरीत उत्तमच झालं. सगळ्यांनी यांची तोंडभरून तारीफ केली. एक बाई मला म्हणाल्या, “तुमची काय मजा आहे हो! नवरा आयतं करून घालतो.” मी हसले. त्या वेळी ओट्यावर काळी पडलेली जाळी होती, तीन पातेली होती, शेगडीभर वांग्याची जळकी सालं होती आणि पोळ्या लाटता लाटता माझी पाठ मोडली होती. ‘भरीत यांनी केलं’ हे सर्वांना दिसलं. बाकीचं कुणी केलं, ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी माझी सकाळची शाळा. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पहाटे साडेपाचला दिवा लावून मी विचारलं, “अहो, डब्याला काय करू?” अर्धवट झोपेतून उत्तर आलं, “काहीही कर.”

आणि माझा बांध फुटला.

मी म्हटलं, “रविवार तुमचा आणि सोमवार ते शनिवार माझे. रविवारी टाळ्या तुम्हाला आणि बाकीचे सहा दिवस ‘काहीही’ मला. उद्यापासून मी खरोखरच काहीही करीन!”

मला वाटलं हे चिडतील. हे उठून बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “मी रविवारी खानदेशी का करतो, ठाऊक आहे? कारण बाकीचे सहा दिवस ते या घरात होत नाही. दहा वर्षांत तू एकदा तरी कळण्याची भाकरी केलीस?”

मला एकदम आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी ज्वारी-उडदाचं कळण दळून पाठवलं होतं. ते संपल्यावर यांनी पुन्हा दळून आणू का विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं, “एवढ्याशा भाकरीसाठी गिरणीत वेगळं दळण कशाला?” यांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. आणि मी तो साफ विसरले होते.

मग यांनी विचारलं, “बरं, तुला काय आवडतं? तू कधी सांगितलंसच नाही.”

मैत्रिणींनो, मला उत्तर पटकन देता आलं नाही. यांना काय आवडतं, थोरलीला काय आवडतं, धाकटा कशाला नाक मुरडतो, हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगितलं असतं. माझं मलाच आठवेना. शेवटी म्हटलं, “वालाचं बिरडं. पण ते तुम्हाला कडू लागतं.”

“मी कधी म्हटलं?”

कधी म्हटलं होतं? तेही लग्नाच्या पहिल्याच वर्षी! एकदा, एका घासाला! त्या एका वाकड्या तोंडावर मी बिरडं दहा वर्षं बंद ठेवलं होतं.

त्या पहाटे मला उमगलं ते हे. घरातून आवडीचे पदार्थ कुणी ठरवून काढून टाकत नाही. एक जण एकदा नाक मुरडतं, दुसरं गप्प बसतं, आणि पदार्थ हद्दपार होतो. मग दोघंही मनातल्या मनात समजत राहतात की ‘मीच तेवढी तडजोड केली’.

शनिवारची वही

त्या आठवड्यापासून आम्ही शनिवारी रात्री जेवणं झाली की एक वही घेऊन बसतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्याचे बेत दोघं मिळून लिहितो. पहिले काही शनिवार नुसते वादावादीत गेले. हळूहळू काही नियम ठरले. ते तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला नियम, आधी घरात काय आहे ते पाहायचं. फ्रिज, कडधान्यांचे डबे, कांद्या-बटाट्यांची टोपली हे पाहूनच वही उघडायची. अर्धा कोबी असेल तर त्याची सोय सोमवारीच लागली पाहिजे. मंडईची यादी बेतावरून करायची. यादी हातात असली की मोहापायी आणलेली आणि शेवटी टाकून द्यावी लागणारी भाजी पुष्कळ वाचते.

दुसरा नियम, आठवड्यात एक पदार्थ यांच्या आवडीचा, एक माझ्या, एक मुलांच्या. बाकीचे दिवस साधे. पण साधं वरण-भात-पालेभाजी हेसुद्धा वहीत लिहायचं. ते आपोआप होत नसतं. तेही कुणीतरी करतं.

तिसरा नियम महत्त्वाचा. ज्याची फर्माईश, त्याची मेहनत. मी बिरडं सांगितलं तर वाल मी भिजत घालायचे आणि यांनी भरीत सांगितलं तर जाळी यांनी घासायची. पदार्थाच्या नावापुढे आम्ही तीन गोष्टी लिहितो: कोण करणार, आदल्या दिवशी काय करायचं, आणि मागचं कोण आवरणार. हा तिसरा रकाना भरायला लागल्यापासून यांच्या रविवारच्या बेतातली पातेली आपोआप कमी झाली!

चौथा नियम, ‘नको’ म्हणण्याचा हक्क दोघांनाही, पण कारण सांगून. “मला आवडत नाही” एवढ्यावर सोडायचं नाही. का आवडत नाही? कडू लागतं, तिखट होतं, की पोटाला जड पडतं? कारण कळलं की बहुधा वाट सापडते. वालाचा कडवटपणा मोड आल्यावर सालं काढली आणि वाल दोन-तीन पाण्यांतून धुतले की पुष्कळ कमी होतो. थोडा उरतो, तो गुळाने सावरतो. शेवभाजीच्या तवंगावर माझा राग होता. मसाला परतताना अधूनमधून पाण्याचा हबका दिला तर निम्म्या तेलातही तो करपत नाही, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

पाचवा नियम प्रकृतीचा. गेल्या वर्षी यांचा रक्तदाब थोडा वर गेला आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरायचा नाही. त्यात पापड, लोणचं, शेव, पाव यांतलं मीठही आलंच. एरवी हे पथ्य मी यांच्यावर लादलं असतं आणि यांनी ते चोरून मोडलं असतं. आता हे स्वत:च वहीत लिहितात, “शेवभाजी आहे, त्या दिवशी पापड-लोणचं नाही.” स्वत: लिहिलेलं पथ्य माणूस जास्त पाळतं.

आणि सहावा, नवा पदार्थ सुट्टीच्या दिवशी आणि निम्म्या मापाने. मोबाइलवर पाहून केलेला पदार्थ पहिल्या खेपेला फसायचाच. तो शाळेच्या डब्याच्या दिवशी फसला तर घर डोक्यावर येतं. रविवारी फसला तर हसू येतं.

आमच्या वहीतले दोन पदार्थ

दहा वर्षं रुसून बसलेले हे दोन पदार्थ आता आमच्याकडे एकाच ताटात येतात.

वालाचं बिरडं – एक वाटी कडवे वाल, दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, एक चमचा तिखट, पाव वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा जिरं, ३-४ आमसुलं, सुपारीएवढा गूळ, कोथिंबीर, मीठ.

वाल रात्रभर भिजत घाला. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवा. थंडीत मोड यायला दीड दिवसही लागतो, म्हणून बेत आधी ठरवायचा. मोड आले की कोमट पाण्यात तासभर घालून सालं काढा. हे काम एकटीने करू नका, चौघं बसलात तर गप्पांत होऊन जातं. सोललेले वाल दोन-तीन पाण्यांतून धुवा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीलिंबाची फोडणी करून वाल हलक्या हाताने परता, तिखट घाला आणि बुडतील इतकं गरम पाणी घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवा. वाल मऊ झाल्यावरच आमसुलं घाला. आंबट आधी पडलं तर वाल लवकर शिजत नाहीत. मग गूळ, मीठ आणि खोबरं-जिऱ्याचं वाटण घालून एक उकळी आणा. वाल अख्खे राहिले पाहिजेत. वर कोथिंबीर.

कळण्याची भाकरी – एक किलो ज्वारी, पाव किलो अख्खे काळे उडीद आणि दोन चमचे मीठ एकत्र करून गिरणीतून दळून आणा. आमच्याकडे एवढं पीठ पंधरा दिवस पुरतं. पीठ चाळून, नेहमीच्या भाकरीसारखं गरम पाण्यात मळून लगेच थापा. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो. त्यामुळे भाकरी सहसा चिरत नाही, नवशिक्याला तर फारच सोपी. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, उलटा आणि मग विस्तवावर फुगू द्या. ज्वारी आणि उडीद, म्हणजे धान्य आणि डाळ एका भाकरीत आली. पिठात मीठ असतंच, तेव्हा सोबतच्या ठेच्यात ते बेताने घाला.

‘आमचे हे काही बसायचे नाहीत!’

तुम्ही म्हणाल, “तुमच्या यांना आवड आहे म्हणून जमलं. आमच्याकडे तर यांना पाणी कुठल्या माठातून घ्यायचं तेही ठाऊक नाही.”

खरं आहे. आणि आमच्याकडेही सगळं वहीबरहुकूम चालतं असं नाही. कधी शनिवारी क्रिकेटची मॅच असते. कधी बुधवारी अचानक पाहुणे येतात आणि गुरुवारचा बेत कोलमडतो. कधी मी दमलेली असते आणि वहीत काहीही लिहिलेलं असो, खिचडीच होते. पण त्या खिचडीवर आता कुणी कुरकुरत नाही, कारण मोडलेला बेत दोघांचा असतो.

ज्यांना स्वयंपाक येत नाही त्यांनाही ठरवायला तर येतं! सुरुवात एका प्रश्नाने करा, फक्त प्रश्न बदला. “काय करू?” असं विचारलं की “काहीही कर” हेच यायचं. त्याऐवजी विचारा, “उद्या उसळ की पालेभाजी? उसळ असेल तर मटकी आत्ता तुम्ही भिजत घाला.” दोन पर्याय आणि एक काम. वाटीभर मटकी पाण्यात टाकायला कुठल्या शिक्षणाची गरज आहे?

एकत्र कुटुंबात हे जास्त अवघड, हेही मान्य. तिथे स्वयंपाकघरावर सत्ता एकीची नसते. पण तिथेही आठवड्यातला एखादा दिवस मागून घेता येतो. आणि मोठ्यांना विचारायला विसरू नका. ते मी माझ्या सासूबाईंकडून शिकले.

गेल्या दिवाळीत त्या आमच्याकडे होत्या. मुलगा फडक्यावर बसून वाल सोलतोय हे पाहून आधी त्यांना नवल वाटलं, थोडं वाईटही वाटलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत, शेजारी बसून त्याही सोलायला लागल्या. रात्री वही उघडली तेव्हा थोरलीने विचारलं, “आजी, तुझ्या आवडीचं काय लिहू?” त्या हसून म्हणाल्या, “मला काहीही चालेल गं.”

तेच उत्तर! पण यांच्या तोंडून ते येतं तेव्हा आळस असतो. त्यांच्या तोंडून आलं तेव्हा त्यात चाळीस-पन्नास वर्षांची सवय होती. मला माझी ती पहाट आठवली. मी वही मिटली नाही. म्हटलं, “काहीही चालणार नाही आई, नाव सांगा.” बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाल्या, “डुबुक वडे. माझी आई करायची. तुमच्या सासऱ्यांना आवडायचे नाहीत, म्हणून मग राहूनच गेलं.”

हे आईकडे पाहतच राहिले. आईच्या हातचं इतकं खाल्लेल्या मुलाला आईची आवड पहिल्यांदा कळत होती.

दुसऱ्या दिवशी यांनी मसाला वाटला आणि सासूबाईंनी बेसन भिजवलं. उकळत्या रश्श्यात त्यांनी हाताने एकेक वडा सोडला. ‘डुबुक’ आवाज ऐकायला मुलं ओट्याला चिकटून उभी होती. पहिल्या खेपेला दोन-चार वडे फुटले. सासूबाई म्हणाल्या, “हात विसरला माझा.” पण रात्री त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या कधी दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, या शनिवारी एक जुनी वही काढा, मुलांच्या शाळेची अर्धी कोरी असेल ती चालेल. यांना शेजारी बसवा. यांच्या आवडीचं विचाराच, आणि त्याच पानावर, त्याच शाईने, स्वत:च्या आवडीचंही एक नाव लिहा. पटकन आठवलं नाही तर ओळ कोरी ठेवा, पण खोडू नका. आठवेल हळूहळू.